देवलांची पदं ठेवलीत, पण त्यांचं नाटक? संगीत नाटक करणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
संगीत नाटकं करणाऱ्या सगळ्या नाट्यसंस्था, नाट्य परिषदेच्या शाखांचे पदाधिकारी, आणि राज्य संगीत नाट्यस्पर्धेत परीक्षक म्हणून बसणारी ज्येष्ठ मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १४ जूनला गोविंद बल्लाळ देवलांचा स्मृतिदिन येतो. परिषदेचे पुरस्कार त्याच दिवसाला धरून दिले जातात, ठिकठिकाणी फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि मग नाट्यपदांचा कार्यक्रम. पेटी, तबला, गायक-गायिका, आणि एक निवेदक जो दोन पदांच्या मधे नाटकाची गोष्ट चार वाक्यांत सांगतो. 'मूर्तिमंत भीती उभी' होतं, 'मृगनयना रसिक मोहिनी' होतं, 'कर हा करी धरिला'ला वन्स मोअर येतो, आणि लोक खूश होऊन घरी जातात. या कार्यक्रमांवर माझा अजिबात राग नाही, मी स्वतः जाऊन बसतो, टाळ्या वाजवतो. पण गेली कित्येक वर्षं एक गोष्ट मनात खदखदतेय ती आज लिहूनच टाकतो. आपण देवलांना हळूहळू पदं लिहिणारा माणूस करून टाकलंय. आणि ते मुळात नट होते, तालीम मास्तर होते, नटाच्या तोंडी वाक्य कसं बसतं हे स्वतः स्टेजवर उभं राहून शिकलेले नाटककार होते. त्यांचं सगळ्यात मोठं काम संवादात आहे आणि आपण नेमके तेच कापतोय.

मी सांगलीचा. नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो ती सांगली, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ती सांगली. इथून हरिपूर म्हणजे गावाबाहेर पडल्यावर लगेचच, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि जुन्या लोकांना आठवत असतील ती हळदीची पेवं. देवलांचं बालपण याच हरिपुरातलं. 'शारदा' त्यांनी नदीकाठच्या पारावर बसून लिहिलं असं गावात अजून सांगतात, खरं खोटं करायला मी जात नाही, पण त्या नाटकातली माणसं त्या पारावर बसणाऱ्या माणसांसारखी बोलतात एवढं मात्र कुणीही वाचून बघावं.

जन्म १३ नोव्हेंबर १८५५चा. शिक्षणासाठी बेळगावला गेले आणि तिथे त्यांना शिकवायला होते अण्णासाहेब किर्लोस्कर. म्हणजे बघा, मराठी संगीत नाटकाला ज्यानं रूप दिलं तो माणूस याला आधी वर्गात मास्तर म्हणून भेटला आणि नंतर नाटक कंपनीचा मालक म्हणून. देवलांनी स्वतःही काही काळ बेळगावात मास्तरकी केली. ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात आनंदोद्भव थिएटरमध्ये किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला आणि तिथून जे सुरू झालं त्यात देवल नट म्हणून आणि शिकवणारा म्हणून किर्लोस्कर मंडळीशी जोडले गेले. अण्णासाहेब १८८५च्या नोव्हेंबरमध्ये गेले, वय अवघं ४२. त्यांचं 'रामराज्यवियोग' नाटक अर्धवट राहिलं. कंपनीला आता नाटकही हवं होतं आणि नटांना शिकवणारा माणूसही, आणि पुढच्या काळात ही दोन्ही कामं देवलांच्या अंगावर आली.

आपल्याकडे नाटककाराचा फोटो लावायची पद्धत आहे, तालीम मास्तरचा कुणी लावत नाही. पण त्या काळात तालीम मास्तर म्हणजे आजचा डायरेक्टर, व्हॉइस कोच, उच्चार सुधारणारा, चालणं-बसणं शिकवणारा, कुठल्या शब्दावर थांबायचं आणि कुठल्या शब्दावर अजिबात थांबायचं नाही हे घोटून घेणारा, सगळं एकाच माणसात. बालगंधर्व त्या तालमीतून गेले, १९०५ला मिरजेत ते पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा शिकवायला देवल होते. गणपतराव बोडस त्या तालमीतून गेले. या दोघांच्या गाण्यावर आणि अभिनयावर आपण पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, पण त्यांना 'असं नाही, असं म्हण' म्हणणाऱ्या माणसाबद्दल एक परिच्छेद सापडला तरी नशीब.

आता मुद्द्यावर येतो.

'संशयकल्लोळ' घ्या. आज हे नाव घेतलं की लोकांना पदं आठवतात. पण हे नाटक मुळात बिनपदांचं होतं हे किती जणांना माहितीये? १८९३चं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक, तेच पुढे 'संशयकल्लोळ' झालं. पदं देवलांनी आयुष्याच्या अगदी शेवटी घातली, गंधर्व नाटक मंडळीसाठी. १४ जून १९१६ला देवल गेले आणि त्याच वर्षी 'संशयकल्लोळ' रंगमंचावर आलं, बालगंधर्व रेवती, बोडस फाल्गुनराव. म्हणजे ज्या नाटकाच्या पदांवर आपण देवलांची अख्खी पुण्यतिथी काढतो त्याचा लेखकानं पदांसकट पहिला प्रयोगसुद्धा बघितला नाही, आणि त्याआधी वीसेक वर्षं ते नाटक नुसत्या बोलण्यावर उभं होतं. नुसत्या बोलण्यावर! यावरून तरी आपल्याला कळायला हवं की त्याचा जीव कुठे आहे.

त्यातला सुरुवातीचा तो घोटाळा आठवा. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरायला जातो, आणि ते नेमकं त्याची बायको कृत्तिका घरातून बघते. ती खाली येईपर्यंत नवरा तिथून गेलेला, रस्त्यात पडलेली असते ती रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर. कृत्तिका ती उचलून बघत असते, आणि हे बघतो फाल्गुनराव. झालं. आता बायकोला नवऱ्याचा संशय, नवऱ्याला बायकोचा, आणि पुढे रेवती-अश्विनशेट एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. चौघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही, प्रत्येकानं जे बघितलं ते खरंच बघितलंय, आणि तरी सगळे चुकताहेत. हे सगळं उभं राहतं ते वाक्यांच्या टायमिंगवर. एक नट अर्धा सेकंद उशिरा बोलला की हशा गेला. हे लिहायला नुसता कवी पुरत नाही, प्रेक्षकाचा हशा कुठून सुरू होतो आणि कुठे विरतो हे विंगेत उभं राहून ऐकलेला माणूस लागतो.

आणि मूळ गोष्ट देवलांची नाहीच. मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून मर्फी या नाटककारानं इंग्रजीत केलं, मर्फीवरून देवलांनी मराठीत आणलं. दोन भाषा ओलांडून आलेलं नाटक, पण वाचताना कुठल्याही वाक्याला परका वास येतो का सांगा. पुरुषांची नावं महिन्यांवरून, बायकांची नक्षत्रांवरून. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. आज रूपांतर म्हणून जे चालतं, पात्रांची नावं बदलली आणि लंडनचं पुणे केलं की झालं, त्या लोकांनी हे नाटक समोर ठेवून बसावं. फाल्गुनरावाच्या तोंडचं बोलणं बघा, संशयी माणूस स्वतःशीच कसा वकिली करतो, पुरावा कसा जमवतो, आणि जमवलेला पुरावा आपल्यालाच कसा पटवून देतो. माझ्या मते मराठीत विनोदी गद्य संवाद याच्या तोडीचे फार थोडे आहेत.

आणि आपण करतो काय? दोन तासांत बसवायचं म्हणून हे संवाद कापतो आणि पद पंधरा मिनिटं गातो. गायकाला तान घ्यायला वेळ हवा ना. मग फाल्गुनराव येतो, दोन वाक्यं बोलतो, मागे पेटीवर सूर धरला जातो आणि प्रेक्षक पुन्हा गाण्याची वाट बघायला लागतात.

माझ्याकडे 'शारदा'ची तालमीची एक प्रत आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या झालेल्या, पानं स्टेपल करून करून भोकं पडलेली. कुठल्या कुठल्या संस्थांतून फिरत आमच्यापर्यंत आली कुणास ठाऊक. तिच्यात पदं लाल पेनानं चौकटीत घेतलीत, वर सूर लिहिलेत, काळी दोन, काळी चार असं. आणि गद्य निळ्या पेनानं खोडलंय. आधी कुणीतरी दोन ओळी खोडल्या, मग दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या पेनानं अर्धं पान, मग कुणीतरी इंदिराकाकूच्या प्रवेशावर सरळ तिरकी रेघ मारून बाजूला लिहिलंय 'डायरेक्ट पद'. इंदिराकाकू म्हणजे शारदेची आई हो! बाप पोरीला पैसे घेऊन म्हाताऱ्याला द्यायला निघालाय आणि घरात त्याच्या विरोधात उभी राहणारी ही एकच मोठी बाई आहे. तिचं बोलणं काढून टाकलं आणि लिहिलं, डायरेक्ट पद. ती रेघ बघितल्यापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

'शारदा' हे देवलांचं एकमेव स्वतंत्र नाटक. बाकी सहा संस्कृतवरून किंवा इंग्रजीवरून. 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', ऑथेल्लोवरून 'झुंजारराव', बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत ग्रंथावरून 'शापसंभ्रम', आणि मघाशी म्हटलं ते 'संशयकल्लोळ'. सातांत एकच स्वतःचं, पण ते एक असं की १८९९ला इंदूरला पहिल्यांदा झालं आणि त्यानंतर मराठी घरात 'शारदा' म्हटलं की सरस्वतीच्या आधी ही पोर आठवायला लागली. तोवर संगीत नाटकात राजे, ऋषी, अप्सरा, गंधर्व. देवलांनी थेट कांचनभट आणला, कर्मठ, हावरा, पोरीच्या अंगाचे पैसे मोजणारा बाप. भद्रेश्वर दीक्षित आणला, दोन्हीकडून कमावणारा लग्न जमवणारा दलाल. आणि भुजंगनाथ, पैसेवाला म्हातारा, ज्याला पुन्हा नवरदेव व्हायचंय. ही माणसं प्रेक्षकांत बसलेली होती, आळीतली होती. लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रुखमाबाईंचा खटला होऊन फार वर्षं झाली नव्हती, १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात केवढी भांडणं झाली होती ती लोकांच्या डोक्यात ताजी होती. अशा वेळी कंपनीचा धंदा सांभाळून, तिकीट काढून येणाऱ्या त्याच समाजासमोर हे नाटक लावायचं म्हणजे छातीच लागते.

'म्हातारा इतुका न, अवघें पाऊणशें वयमान' हे पद सगळ्यांना पाठ. 'दंताजीचें ठाणें उठले' म्हणताना गायिका हसते, आपण हसतो. दात म्हणजे जणू फौजेची चौकी आणि ती आता उठलीय, कान फुटलेत, डोळे रुसलेत, मान नन्ना म्हणतेय. धमाल आहे. पण नाटकात ते ऐकताना हसता हसता पोटात गोळा येतो, कारण हे ज्या म्हाताऱ्याबद्दल चाललंय त्याच्याच गळ्यात समोरच्या पोरीला बांधणार आहेत, आणि हे आपल्याला आधीच्या गद्यातल्या पैशाच्या बोलण्यांतून कळलेलं असतं. ती बोलणी कापली की उरतं फक्त एक गमतीचं गाणं. शाळेच्या गॅदरिंगला, सोसायटीच्या गणपतीत लहान मुली दाढी लावून यावर नाचतात तेव्हा मला कसंतरीच होतं, पण त्या मुलींचा काय दोष, त्यांच्यापर्यंत आपण एवढंच पोचवलंय.

आणखी एक गोष्ट, जी मला देवलांची सगळ्यात मोठी चलाखी वाटते. शारदेचं लग्न मोडतं कशानं? तिच्या रडण्यानं नाही, आईच्या विनवण्यांनी नाही. कोदंड, म्हणजे नाटकातला सुधारक तरुण, सुधारणेवर भाषण ठोकतो म्हणूनही नाही. लग्न मोडतं ते नवरदेव आणि वधूचा बाप एकाच गोत्राचे निघतात म्हणून! मांडवात कुणालाही पोरीचं वय अडलं नाही, म्हाताऱ्याचं वय अडलं नाही, पैसे अडले नाहीत, गोत्र अडलं. आणि तिथेही संपत नाही, कारण मोडक्या लग्नाची पोर कुठे जाणार, ती नदीकडे जाते जीव द्यायला. मग कोदंड तिला वाचवतो आणि पुढे थेट शंकराचार्यांच्या निर्णयापर्यंत गोष्ट जाते. सुधारकांनी वीस वर्षं लेख लिहून जे सांगितलं ते देवलांनी सनातन्यांच्याच शास्त्रातला नियम वापरून त्यांच्याच समोर उभं केलं, आणि कुणाला उठून जाता आलं नाही. हे सगळं गद्यात आहे. पदांत यातलं काहीच नाही. नाट्यपदांच्या कार्यक्रमात निवेदक 'आणि मग कोदंडाशी तिचं लग्न होतं' असं म्हणून पुढच्या पदाकडे वळतो तेव्हा देवलांनी जे केलं ते सगळं त्या एका 'आणि मग'मध्ये बुडतं.

इथे एक गैरसमजही दूर करतो कारण तो भाषणांत सर्रास ऐकू येतो. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला शारदा कायदा म्हणतात, तो या नाटकावरून नाव पडलेला नाही. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी ते विधेयक आणलं, त्यांच्या आडनावावरून ते नाव. देवल जाऊन तेव्हा १३ वर्षं झाली होती. देवलांचं मोठेपण सिद्ध करायला या खोट्या गोष्टीची गरज नाही, उलट अशी गोष्ट व्यासपीठावरून सांगितली की खरं काम झाकलं जातं. 'कायदा झाला, प्रश्न मिटला, नाटकानं आपलं काम केलं' असा सूर त्यातून निघतो. आणि प्रश्न मिटलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे बघा, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली. पाचातली एक. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात पोरगी एकटी मागे कुठे ठेवायची म्हणून लग्न उरकतात हे आपल्या साखरपट्ट्यात राहणाऱ्या कुणाला नवीन सांगायला नको. म्हातारा नवरा आता क्वचित दिसतो, पण हिशोब करणारा बाप, मधला दलाल आणि हात जोडणारी आई हे तिघंही अजून आहेत. मग हे नाटक जुनं झालं, आजच्या पिढीला रिलेट होत नाही असं जे आपण म्हणतो ते नक्की कशाच्या जोरावर?

शारदेच्या भूमिकेबद्दल पण बोलायचंय, आणि इथे कुणाचा अपमान करायचा हेतू नाही हे आधी सांगतो. गायक-नट केशवराव भोसले शारदा करायचे तेव्हा ते स्वतः पोरगं होतं, स्वदेशहितचिंतक मंडळी या नाटक कंपनीतलं. कोल्हापूरचं गरीब घरातलं लहान पोर, शिक्षण नाही, आणि ते स्टेजवर येऊन 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणायचं तेव्हा समोर खरोखरच एक लहान जीव घाबरलेला दिसत असणार. त्या भूमिकेनं केशवरावांचं नाव झालं. आज आपण शारदेसाठी सगळ्यात तयार गळा शोधतो. तयार गळ्याला वय लागतं, रियाजाची वर्षं लागतात. मग शारदा मोठी बाई दिसते, आत्मविश्वासानं उभी राहते, समेवर येते आणि टाळी घेते. गाणं अप्रतिम होतं. पण भीती कुठेय? पोर कुठेय? माझं म्हणणं एवढंच की एकदा तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ही भूमिका द्या, गाणं थोडं कच्चं झालं तरी चालेल, तान नाही आली तरी चालेल. देवलांनी 'शारदा'च्या चाली साध्या, घरात बायका गुणगुणतात अशा ठेवल्या त्या उगाच नाही. त्या चालींवर मैफल चढवली ती आपण, नंतर.

मागे एकदा एका संस्थेत, नाव घेत नाही, आम्ही 'शारदा' बसवत होतो. मी म्हटलं की कांचनभट आणि भद्रेश्वराचा प्रवेश पूर्ण ठेवू. उत्तर आलं, परीक्षक पदांचे मार्क देतात, गद्याला कोण विचारतो. हे ज्यांनी म्हटलं ते चांगले कलाकार आहेत, आयुष्य घातलंय त्यांनी या कामात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना अनुभवानं असं वाटायला लागलंय हीच खरी अडचण आहे. म्हणून परीक्षक मंडळींना माझी हात जोडून विनंती, निकालानंतर बोलताना एकदा तरी जाहीरपणे सांगा की आम्ही कृत्तिका कोणी चांगली बोलली हे बघितलं, इंदिराकाकूचा प्रवेश कोणी ठेवला हे बघितलं. कोणी किती कापलं तेही विचारा. तुम्ही एकदा असं बोललात की पुढच्या वर्षी पन्नास तालमींत फरक पडेल, हे मी खात्रीनं सांगतो, कारण स्पर्धेत उतरणारी पोरं परीक्षकांचं प्रत्येक वाक्य जपून ठेवतात.

परिषदेच्या शाखांना एक सुचवायचंय. १४ जूनला पदांचा कार्यक्रम करा, जरूर करा, पण त्याच्या आधी सकाळी एक तालीम ठेवा. उघडी तालीम. एक जाणता नट किंवा दिग्दर्शक, चार तरुण मुलं-मुली, आणि 'संशयकल्लोळ'चा फक्त तो तसबिरीचा प्रवेश. वाचायचा, अडायचं, परत वाचायचा, उच्चार सुधारायचे, थांबे ठरवायचे, सगळं लोकांसमोर. ज्या माणसाचा दिवस आहे त्याचं खरं काम हेच होतं. याला खर्च काय येतो? सतरंजी, चहा आणि एक माइक. आणि जमलं तर दोन-तीन वर्षांतून एकदा 'झुंजारराव' नाहीतर 'दुर्गा'चं अभिवाचन, कारण ही नाटकं आता कुणी करत नाही आणि नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही फक्त परीक्षेत नाव लिहिण्यापुरती माहिती असतात. ऑथेल्लो १८९०मध्ये मराठी रंगभूमीवर कसा बोलत होता हे ऐकायला मी तरी शंभर किलोमीटर जाईन.

संहितेचं पण काहीतरी करा हो. देवल जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, स्वामित्वहक्काचा प्रश्नच नाही. सातही नाटकांची मूळ छापील आवृत्तीशी ताडून बघितलेली, युनिकोडमध्ये टाइप केलेली, फुकट डाउनलोड करता येईल अशी एकेक प्रत काढली, पूर्ण, न कापलेली, तर माझ्याकडच्यासारख्या खोडलेल्या झेरॉक्सवर नवी पोरं नाटक बसवणार नाहीत. ज्याला कापायचंय तो कापेलच, पण निदान आपण काय कापतोय ते त्याला दिसेल. प्रूफ वाचायला, जुन्या प्रतींशी ताडायला माणसं लागतील, ती मिळतील. सांगली-मिरजेत अशी निवृत्त शिक्षक मंडळी आहेत की ज्यांना बोलवायचाच अवकाश.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं तेव्हा आपण सगळे हादरलो, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले, लगेच पैसे गोळा झाले, सरकार धावलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. त्याच्या दहा टक्के तरी हळहळ या संवादांसाठी का नसावी असं मला वाटतं. केशवरावांचं नाव ज्या शारदेनं झालं त्या शारदेचं नाटक आपल्या हातात आहे, कागदावर आहे, फक्त आपण ते करत नाही.

आणि ज्या छोट्या हौशी संस्था हे वाचत असतील त्यांना, प्लीज घाबरू नका. ऑर्गन नाही, मोठा गायक नाही, पडदे नाहीत म्हणून 'शारदा' सोडून देऊ नका. एक पेटी, एक तबला, दहा-बारा माणसं, देवळासमोरचं पटांगण एवढ्यात हे नाटक होतं. साखर कारखान्याच्या गेटजवळ, आश्रमशाळेत, ज्युनियर कॉलेजच्या हॉलमध्ये करा. पदं चार ठेवा, छोटी ठेवा, पण कांचनभटाचा सौदा पूर्ण ठेवा, आईचा प्रवेश पूर्ण ठेवा, मांडवातलं गोत्राचं प्रकरण पूर्ण ठेवा. भाषा जड जाईल असं वाटतं ना, मोठ्यानं वाचून बघा, दोन पानांत जीभ बसते, कारण लिहिणारा नट होता.

येत्या १४ जूनसाठी उघड्या तालमीची तयारी सांगलीत आम्ही काही जण करतोय. जागा बघून झालीय, पेटीवाले तयार आहेत, तसबिरीचा प्रवेश न कापता टाइप करून ठेवलाय. परिषदेच्या कुठल्याही शाखेला, कुठल्याही संस्थेला तो हवा असेल तर सांगा, पाठवतो. शिकवायला कुणी ज्येष्ठ नट यायला तयार असतील तर त्यांच्या जाण्यायेण्याची, राहण्याची सोय आमच्याकडे, मानधनाचंही आम्ही बघू. मेच्या अखेरपर्यंत कळवलंत तर बरं, कारण मुलांच्या सुट्ट्या संपायच्या आत निदान आठवडाभर वाचन व्हायला हवं.

आपला,
सांगलीचा एक हौशी रंगकर्मी